हद्दपारीचा नकाशा आणि सहलीचा नकाशा

मला दिलेला विषय आहे ‘पर्यटन व्यवसायासाठी जगाचा भूगोल’. मी इतिहासाचा माणूस, तेव्हा भूगोलाकडे मी इतिहासाच्या दारातून येणार, हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्यापैकी बरेच जण विमान कंपन्यांच्या, टूर कंपन्यांच्या नोकरीसाठी तयारी करताय. तुमचा अभ्यासक्रम मी चाळला. देश, राजधानी, चलन, वेळेतला फरक, व्हिसा, बघण्यासारखी पाच-सहा ठिकाणं, आणि प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरं. विमानवाल्यांनी जगाचे तीन भाग पाडलेत. पहिल्यात दोन्ही अमेरिका. दुसऱ्यात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशिया. तिसऱ्यात आपण, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया. हे सगळं पाठ करावं लागतं, आणि ते कराच. पाठ न करता भूगोल येतो असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

पण पाठ करताना जरा थांबून बघत चला. मुंबईची अक्षरं अजून बीओएम आहेत, म्हणजे बॉम्बे. चेन्नईची एमएए, मद्रासची आठवण. यांगूनची आरजीएन, म्हणजे रंगून. हो ची मिन्ह सिटीची एसजीएन, सायगाव. सेंट पीटर्सबर्गची एलईडी, म्हणजे लेनिनग्राड; ते नाव शहराने १९९१ मध्ये टाकून दिलं, तिकिटावर मात्र ते आजही छापलं जातं. तुम्ही ज्याला भूगोल म्हणून घोकता, त्यात असा इतिहास दडलेला असतो. कुणाचं राज्य होतं, कुणी नाव ठेवलं, कुणी बदललं.

आता मुद्द्यावर येतो. आपण सगळे सहज म्हणतो, रत्नागिरी तशी लांबच. मुंबईहून लांब, पुण्याहून घाट उतरून यायचं म्हणून लांब. माझा प्रश्न असा की हे लांबपण नकाशावर असतं, की कुणीतरी ते तयार केलेलं असतं?

साधारण पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखलं जातं. लेखकाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण तुमच्या धंद्यातलं इतकं जुनं पुस्तक शोधायचं तर मी त्याच्यावर बोट ठेवीन. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे चाचे आहेत, हिंदुस्थानात यायचं तर इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावं, असा सगळा व्यवहारी मजकूर. आपल्या किनाऱ्यावरची बंदरं त्यात ओळीने येतात. चौल ओळखू येतं. पुढच्या नावांवर वाद आहेत. मेलिझिगरा नावाचं एक बंदर काही अभ्यासक जयगडला बसवतात, काही आणखी दक्षिणेला नेतात. तो वाद आपल्याला आज सोडवायचा नाही. लक्षात एवढंच घ्यायचं की त्या माणसाच्या डोक्यात हा किनारा वाटेवर होता. सह्याद्रीपलीकडचा मुलूख त्याला लांबचा.

पंधराव्या शतकातही तसंच. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. चौलला उतरला, बिदरपर्यंत गेला, एक घोडा विकायला बरोबर आणला होता त्याच्या पायी बरेच हाल सोसले, आणि परतीचं जहाज त्याने कुठून धरलं? दाभोळहून. आपल्या दापोली तालुक्यातलं दाभोळ. तिथून होर्मुझ. दाभोळ हे मोठं बंदर आहे, इथे अरबस्तान आणि खुरासानचे घोडे उतरतात, असं त्याने लिहून ठेवलंय. हजला जाणारेही दाभोळहून निघत. म्हणजे त्या काळी दाभोळच्या माणसाला होर्मुझ माहितीचं होतं, आणि दिल्ली? दिल्ली त्याला ऐकूनच ठाऊक असेल.

मग हा किनारा लांब कधी झाला? एका दिवसात नाही झाला. १५०८ च्या अखेरीला पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं. पुढे मुंबई वाढली आणि किनाऱ्यावरचा सगळा व्यापार तिने ओढून घेतला. खाड्या गाळाने भरत गेल्या. मग आगगाडी आली. ती बोरघाट चढून पुण्याला गेली, १८९१ मध्ये कोल्हापूरला पोचली, आणि खाली कोकणात काही उतरली नाही. ती उतरायला १९९८ साल उजाडलं. तोवर आपल्याकडे काय होतं, तर आगबोट. मुंबईहून निघायची, हर्णै, दाभोळ, जयगड करत यायची. बोट धक्क्याला लागायचीच असं नाही. समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. आणि पावसाळ्यात तीही बंद. मेअखेरपासून नारळी पौर्णिमेपर्यंत रत्नागिरीला समुद्राकडून कुलूप आणि घाटाकडून चिखल.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण याच तपशिलावर बोट ठेवून एका सरकारने एक निर्णय घेतला.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढलं. इरावतीतून आगबोटीने रंगून, तिथून मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. बरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी, लहान लहान मुली. एक मुलगी वाटेत मद्रासला जन्मली, सगळ्यात धाकटी इथे रत्नागिरीत. रत्नागिरीच का? राजा ठेवायला जागा कशी हवी, तर रेल्वे नको, मोठं बंदर नको, त्याची माणसं येऊन त्याला भेटतील अशी सोय नको, आणि सरकारला नजर ठेवता आली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्याचं ठाणं, म्हणजे कलेक्टर आहे, पोलीस आहेत, आणि बाकी काही नाही. आपल्या गावाचा भूगोल अशा रीतीने कुणीतरी नीट वाचला होता. अभ्यास म्हणाल तर उत्तम होता.

हा अभ्यास साम्राज्यभर चालू होता. बहादुरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं, तो १८६२ मध्ये तिथेच वारला. वासुदेव बळवंत फडके एडनला. इजिप्तचा अराबी पाशा सिलोनला. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांचा राजा प्रेम्पेह सेशेल्सला. त्याआधी नेपोलियन सेंट हेलेनाला. आपल्याकडचे असंख्य लोक अंदमानला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात. एकमेकांच्या घरात एकमेकांचे कैदी, अशातला प्रकार.

आता तुमच्या वहीतली यादी काढा आणि ही नावं तिथे शोधा. सेशेल्स आहे, मधुचंद्राच्या सहलींत. श्रीलंका आहे. अंदमान आहे, आणि तिथे सेल्युलर जेल बघण्याच्या जागांत पहिली. सेंट हेलेनाला लोक नेपोलियनचं घर बघायला जातात. आणि रत्नागिरी आहे. हद्दपारीचा नकाशा आणि सहलीचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा, कितीतरी ठिपके एकावर एक बसतात. हा योगायोग मला वाटत नाही. ज्या कारणासाठी ती जागा निवडली, तेच कारण आज माहितीपत्रकात गुण म्हणून छापलं जातं. ‘गर्दीपासून दूर’, ‘निवांत’, ‘जगापासून तुटलेला किनारा’. थिबाला इथे ठेवण्याचा प्रस्ताव ज्याने लिहिला असेल, त्याला वेगळे शब्द शोधावे लागले नसते.

आता रत्नागिरीकरांना आवडणारी गोष्ट. मला स्वतःलाही ती आवडते, पण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, १८५६ चा. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते कुठे गेले, तर मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. इथपर्यंत सगळे सांगतात आणि टाळ्या पडतात. पुढचं ऐका. मंडालेचा तुरुंग होता कुठे? थिबाच्या राजवाड्याभोवती जो तटबंदीचा चौकोन आणि खंदक होता, त्याचा इंग्रजांनी किल्ला केला, आणि तुरुंग त्या तटाच्या आत. म्हणजे टिळक नुसते थिबाच्या शहरात नव्हते, त्याच्या आवारात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. आणि इकडे रत्नागिरीत सरकारने थिबासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला तो १९१० मध्येच. पंचवीसएक वर्षं बंगल्यांत काढल्यावर राजाला राजवाडा मिळाला. वर्षभराच्या आत तिकडे एका कैद्याने त्याच्या तटाच्या आत बसून मराठीतला मोठा ग्रंथ लिहिला. दोघांच्याही दारावर पहारा एकाच सरकारचा.

इथे तुमचा एक हिशेब करून टाकू. भारत आणि म्यानमार, वेळेतला फरक किती? बरोबर, एक तास. परीक्षेत तेवढंच लिहा. पण सूर्याला विचारलंत तर? रत्नागिरी साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, मंडाले ९६ वर. फरक २३ अंशांचा. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. तेवीस चोक ब्याण्णव. म्हणजे दीड तास. मंडालेत दिवस मावळल्यावर दीड तासाने तो इथे मावळतो. घड्याळाची वेळ सरकार ठरवतं. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे रत्नागिरीचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३७ मिनिटं मागे चालतो. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर का नाही, असं कुणा पर्यटकाने आरे-वारेच्या किनाऱ्यावर विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

हा अंशांचा हिशेब मराठीत शिकवायची खटपट ज्यांनी सुरुवातीला केली, ते बाळशास्त्री जांभेकरही याच मुलखातले, पोंभुर्ल्याचे. गाव देवगड तालुक्यातलं. आज सिंधुदुर्गात येतं, पण १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्हाच. ‘दर्पण’मुळे आपण त्यांना आद्य पत्रकार म्हणतो आणि तिथे थांबतो. १८३६ मध्ये त्यांचं ‘भूगोलविद्या गणितभाग’ हे पुस्तक निघालं, हे कुणाला माहीत नसतं. पृथ्वीचा गोल, अक्षांश, रेखांश हे सगळं मराठी मुलाला त्याच्या भाषेत समजावून देणं, तेही इंग्रजी अंमल येऊन वीसएक वर्षंच झालेली असताना. आपल्या जुन्या ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनीवरून धरत, पुढे जगाने तो ग्रीनिचवर नेला. बाळशास्त्री चाळिशीही न गाठता १८४६ मध्ये गेले. पर्यटनाच्या वर्गात त्यांचं चित्र लावायला काय हरकत आहे? लावा की.

बरं, कोकणातल्या सगळ्यांनी भूगोल काही पुस्तकातून शिकला नाही. चाकरमानी मुंबईला जाऊन शिकला. खलाशी बोटीवर शिकला. चिपळूण-खेडकडच्या कोकणी मुसलमान घरांतली माणसं दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला जाऊन राहिली, तिथे आजही त्यांना ‘कोकणी’ म्हणूनच ओळखतात. ज्या घरातल्या बाईने कधी पुणं पाहिलं नाही, तिला केप टाउन आणि कुवेतचा पत्ता तोंडपाठ. नकाशावर जवळ काय आणि लांब काय, ते घरातला माणूस कुठे आहे यावर ठरायचं.

महर्षी कर्व्यांचा प्रवास या दृष्टीने बघण्यासारखा आहे. मुरूडचे, म्हणजे दापोलीकडचे. पोरवयात परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. तोच माणूस १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, इंग्लंडला निघाला. जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, अमेरिका, टोकियो करून पुढल्या वर्षी परतला. त्यानंतर पुन्हा आफ्रिका: मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. पंधरा महिने. हौस म्हणून नव्हे, महिला विद्यापीठासाठी पैसा उभा करायला. या दुसऱ्या यादीकडे पाहा. जिथे हिंदी माणूस पोटासाठी गेला होता, तिथे अण्णा गेले. आजच्या टूर कंपनीतला कुणी मार्ग आखायला बसतो, तेव्हा आपले लोक कुठे आहेत, जेवायची सोय कुठे होईल, हाच विचार तो करतो. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली आणि मराठी माणूस घोळक्याने परदेशी जाऊ लागला, त्यातही मराठी बोलणारा टूर लीडर आणि ओळखीचं जेवण यांचा वाटा मोठा. हसू नका. परक्या मुलखात वरण-भात मिळणं ही भूगोलातली महत्त्वाची बाब आहे.

आता परत राजवाड्यावर येऊ, कारण तुमच्यातले काही जण शिकता शिकता तिथे माणसं नेतात, असं मला चहाच्या वेळी कळलं. तिथे काय सांगितलं जातं? ब्रह्मी सागवान, रंगीत काचांच्या खिडक्या, समोर भाट्ये खाडी, इथे राजा राहत होता, चला फोटो काढा. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी २००० साली आली, तेव्हापासून तिच्यातलेही प्रसंग इतिहास म्हणून ऐकवले जातात. कादंबरी जरूर वाचा, चांगली आहे, पण ती कादंबरी आहे हे पाहुण्याला सांगा.

आणि पाहुणा कोण आहे ते पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे आले होते. राजवाडा पाहिला, थिबाच्या समाधीवर गेले. त्यांना खाडीचा देखावा बघायचा नव्हता. म्यानमारहून येणारा माणूस सहलीला येत नाही, तो दर्शनाला येतो. आपला माणूस रंगूनला जाऊन जफरच्या कबरीपाशी उभा राहतो, तसा. तुमच्या भाषेत सांगायचं तर हे दोन वेगळे ग्राहक आहेत आणि त्यांना एकच पाठ केलेलं भाषण चालणार नाही. एकाला ‘निवांत कोकण’ हवं. दुसऱ्यासाठी तोच निवांतपणा म्हणजे शिक्षा होती.

त्याला तुम्ही काय सांगाल? मी असं सांगेन. राजा इथे तीस वर्षं राहिला. सरकारच्या परवानगीशिवाय त्याला कुठे जाता येत नव्हतं. पैसा पुरेना तेव्हा बरोबर आणलेले हिरे-माणकं इथल्या बाजारात विकली गेली. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. धाकटी राणी आधीच, १९१२ मध्ये गेली होती. घरच्यांना देह ब्रह्मदेशात न्यायचे होते, सरकारने नेऊ दिले नाहीत. दोघांना अखेर १९१९ साली रत्नागिरीतच मूठमाती मिळाली, आणि त्याच वर्षी उरलेल्या कुटुंबाला रंगूनला परत पाठवलं. जिवंत राजाची लोकांना चिथावणी होईल ही भीती समजू शकते. मेलेल्या राजाचीही इतकी भीती, यावरून ब्रह्मदेशात त्याचं स्थान काय होतं ते कळतं. सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला वारली, तिची समाधी तिथे श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. म्हणजे राजाची समाधी इथे, राणीची तिथे. मार्ग आखायचा झाला तर दोन देश लागतात.

सावरकरांनाही अंदमाननंतर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायला मनाई होती, ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर या मालिकेत वेगळं बोलणं व्हायला हवं, म्हणून इथे फक्त उल्लेख करतो. जागा तीच आणि निवडीचं कारणही फार वेगळं नसावं.

एकच गोष्ट राहिली. थोरली राजकन्या. तिचं इथल्याच एका पहारेकऱ्याशी नातं जुळलं होतं, त्याच्यापासून तिला टूटू नावाची मुलगी झाली. १९१९ मध्ये घरच्यांबरोबर तीही रंगूनला गेली, आणि नंतर परत आली. या सबंध हकिकतीत ब्रह्मदेश-रत्नागिरी हा प्रवास कुणी स्वतःहून केला असेल तर तो हिने. ती १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत इथे वाढली, संसार केला, गरिबीत दिवस काढले, आणि २००० साली गेली. तिला पाहिलेली माणसं या शहरात अजून आहेत, कदाचित तुमच्या घरातही असतील. राजवाड्यावर पाहुणे घेऊन जाण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि जे ऐकाल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा.

मी इथे थांबतो. कुणाला प्रश्न असतील तर विचारा, माईक मागच्या बाकांकडे द्या.